फिलोफ्तेया स्वतःच्या मयताच्या जेवणाला बसते

या, इतके लांब का बसलात? बाकावर जागा आहे, सरकून घ्या, टोपी मांडीवर ठेवा. आज जे सांगणार आहे ते नीट ऐकलंत तर हसाल, आणि हसता हसता हात आपसूक कपाळाकडे जाऊन छातीवर क्रॉस काढेल. दोन्ही झालं तर देवाची कृपा, एकच झालं तरी माझी तक्रार नाही. ही हकिगत एका आईची, जिनं आपल्या मयताचं जेवण आपणच घातलं. आणि तिच्या लेकीची, जिला आपल्या सिनेमाचा शेवट सापडत नव्हता.

फिलोफ्तेया तेव्हा शहात्तर वर्षांची होती. आमच्या दुब्रावित्सात म्हातारी माणसं हयातीतच हे जेवण घालून मोकळी होतात, म्हणजे मागं राहिलेल्यांनी कशात काटकसर केली हा घोर कबरीत नको. त्या शनिवारी सकाळी अंगणात आक्रोडाखाली लांब टेबल लागलं होतं, चाळीस माणसं जमली होती, आणि टेबलाच्या डोक्याशी नवा काळा रुमाल डोक्याला बांधून फिलोफ्तेया बसली होती. काम एकच, चुका काढणं.

"लिओन्तीना, या गुंडाळीत भात आहे की नुसती अफवा?"

सून लिओन्तीना पातेलं घेऊन उभी होती. "आहे की, सासूबाई. कोबीच्या पानात गुंडाळलाय, दिसणार कसा?"

"दिसत नाही म्हणून तर जिवंतपणी घातलं जेवण. मी गेल्यावर तू नुसता कोबी वाढला असतास, आणि लोक म्हणाले असते, बिचारी साधी होती."

येणाऱ्या प्रत्येकाला ती आपल्या हातानं गोल पाव, मेणबत्ती आणि टॉवेल देत होती. घेणारा सवयीनं मान खाली घालून म्हणायचा, "देव तिला क्षमा करो."

"मी अजून मागितलेली नाही," ती म्हणायची. "आत्ता नुसतं 'पोचलं' म्हणा आणि बसा."

तिच्या उजव्या हाताला दीर बसला होता, सेर्गिये, ऐंशीचा, आलुबुखाऱ्याच्या दारूचा तिसरा पेला हातात. डाव्या हाताची खुर्ची रिकामी. ती तिच्या नवऱ्याची, इलारिओनची. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात इलारिओन डॅन्यूबमध्ये उतरला, पलीकडच्या युगोस्लावियात पोहून जायला, आणि या काठाला वा त्या काठाला कुणाला परत दिसला नाही. त्याचा कोट पुरून त्याचं मयत झालं. तेव्हापासून दर शनिवारी देवळात मृतांच्या नावांत त्याचं नाव वाचलं जायचं. मुलगा पान्तेलिमोन, आता उपसरपंच, यानं शाळेच्या भिंतीवर संगमरवरी फलक लावून घेतला होता: 'स्वातंत्र्याच्या ओढीनं डॅन्यूबनं ज्याला नेलं तो इलारिओन.' दर ऑगस्टात पान्तेलिमोन तिथं भाषण करतो आणि दर ऑगस्टात त्याच ठिकाणी गहिवरतो. आम्हाला ते वाक्य पाठ आहे.

आणि लेक झाम्फिरा? ती आत स्वयंपाकघरात कपाटाच्या फळीवर कागद पसरून उभी होती. बावन्न वर्षांची बाई, केसाला पीठ, कानाला पेन्सिल.

झाम्फिराला सिनेमा कुणी शिकवला नाही. गावाच्या सभागृहात ती यंत्रावर सिनेमे दाखवायची. जिल्ह्याहून बसनं रिळांचे डबे यायचे, पाच असले तर चार पोचायचे. मधलं एखादं ड्रायव्हर कुठल्या तरी थांब्यावर विसरायचा. लोक तिकीट काढून बसलेले. मग अठराएकोणीस वर्षांची झाम्फिरा दिवे लावून पडद्यापुढे उभी राहायची आणि हरवलेलं रीळ तोंडानं सांगायची. तिनं ते कधी पाहिलेलंच नसायचं. दुसऱ्या रिळात नायक तुरुंगात असायचा, चौथ्यात डॉक्टर. त्या दोघांना जोडायचं काम तिचं. ती रडवायची, हसवायची, सोंगं करायची, मधेच एखादं गाणंही म्हणायची. देवळात गाऊन सांगितलेले पुष्कळ उपदेश मी ऐकले, डोळे भरून ऐकले. पण झाम्फिराचं तिसरं रीळ ऐकताना बायका विणकाम विसरायच्या. पुढे घरोघरी टीव्ही आला, तेच सिनेमे अखंड दिसू लागले, तेव्हा गावात तक्रार झाली की टीव्हीवाल्यांनी मधला भाग बिघडवला.

तिची पटकथा ही अशी शिकलेली. संवाद आला, वळण आलं, माणसाला खिंडीत गाठणं आलं. फक्त शेवट आला नाही. कारण शेवटचं रीळ कधी हरवायचंच नाही.

सभागृह बंद पडलं तेव्हा तिनं जुना व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि वीस वर्षं लग्नं टिपली. तिच्या चित्रणात सासवा अशा दिसायच्या की दोन घरांनी तिला परत बोलावलं नाही आणि बाकी पंचक्रोशीनं मुद्दाम बोलावलं. त्याच कॅमेऱ्यावर तिनं चौदा मिनिटांचा सिनेमा केला, एका नवरीचा, जी फोटोसाठी रडायला नकार देते. तो देशोदेशी फिरला. मग बुखारेस्टला दोन आठवड्यांचा पटकथेचा वर्ग मिळाला. तिथल्या प्राध्यापकांनी सांगितलं, नायिकेला ध्येय पाहिजे. घरी येऊन तिनं आईला विचारलं, "आई, तुझं ध्येय काय?"

"शनिवारच्या आत कोबी मुरवणं," आई म्हणाली.

झाम्फिरानं ते लिहून घेतलं आणि वर्गाची वही चुलीजवळ ठेवून दिली, पेटवायला.

आता नऊ वर्षं ती पहिल्या मोठ्या सिनेमाची पटकथा लिहीत होती. या घराचीच गोष्ट, नट कुणी नाही, घरचीच माणसं. सोमवारी क्रायोवाहून चार माणसांची गाडी कॅमेरा घेऊन येणार होती. त्यांना दहा दिवस होते, अकरावा नव्हता. आणि शनिवारपर्यंत पटकथेला शेवट नव्हता, मुख्य बाईही नव्हती. मुख्य बाई म्हणजे फिलोफ्तेया, आणि फिलोफ्तेयानं सरळ सांगितलं होतं: "तुझ्या बापाची गोष्ट असेल तर मी नाही. दुसरी कुठलीही सांग, मी उलटी टांगून घेईन."

*

लिओन्तीनाचं डोकं आदल्या दिवसापासून फिरलेलं होतं. पटकथेत तिला चार वाक्यं होती आणि चारही चुगल्या होत्या. तिनं नवऱ्याला सांगितलं होतं, "तुमच्या ताईला म्हणावं, मी कॅमेऱ्यासमोर उभी राहणार नाही, आणि राहिले तर पाठ करून राहीन." पान्तेलिमोनला तेवढंच हवं होतं. वडिलांचं प्रकरण सिनेमात येऊ नये, फलकावर आहे तेवढंच गावाच्या डोक्यात राहावं, अशी त्याची इच्छा. नवराबायको बऱ्याच वर्षांनी एका बाजूला आली होती आणि दोघांनाही ते जरा अवघड वाटत होतं.

पाद्री व्हिसारिओन धूपदाणी घेऊन अंगणात आले. उकडलेल्या गव्हाचा प्रसाद, त्यावर साखरेचा क्रॉस, असा थाळा टेबलाच्या मधोमध ठेवला. फिलोफ्तेयानं हाक दिली, "लिओन्तीना, नावांची चिठ्ठी आण. कपाटाच्या फळीवर आहे, थाळ्याखाली होती ती."

आता नावांची चिठ्ठी कशी असते ते तुम्ही जाणता. वर छोटा क्रॉस, मधे उभी रेघ, डावीकडे जिवंतांची नावं, उजवीकडे मृतांची. लिओन्तीना आत गेली. फळीवर कागदच कागद होते. झाम्फिरा पाण्यासाठी विहिरीवर गेली होती. एका कागदावर क्रॉस होता, मधे रेघ होती, डावीकडे पहिलंच नाव फिलोफ्तेया. लिओन्तीनानं उचलला आणि नेऊन दिला. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मी तिच्या वतीनं शपथेवर सांगतो. खरी चिठ्ठी फिलोफ्तेयाच्या हातची होती, ती थाळा उचलताना खाली पडून कपाटामागं गेली होती.

आणि तो कागद? झाम्फिराला पात्रांची यादी करायची दुसरी पद्धत माहीतच नव्हती. दोन रांगांचा एकच कागद तिनं जन्मात पाहिला होता, देवळातला. म्हणून वर क्रॉस, डावीकडे सिनेमा संपेपर्यंत जिवंत राहणारे, उजवीकडे वाटेत मरणारे. नावं सगळी खरी. नाव बदललं की माणूस बोलायचं बंद करतो, असा तिचा अनुभव होता. बदलायचंच तर सगळ्यात शेवटी.

पाद्री व्हिसारिओनना डोळे कमी आणि गळा अपार दिलेला आहे. एकदा सूर लागला की ते कशासाठीही थांबत नाहीत. भूकंपात थांबले नव्हते. त्यांनी कागद नाकाशी धरला आणि सुरू केलं.

"प्रभू, तुझ्या सेवकांना आरोग्य दे, दीर्घायुष्य दे... फिलोफ्तेयाला..."

"प्रभू, दया कर," आम्ही चाळीस जणांनी धरलं.

"झाम्फिराला, पान्तेलिमोनला, लिओन्तीनाला..."

"प्रभू, दया कर."

"पहिल्या सीमारक्षकाला... दुसऱ्या सीमारक्षकाला..."

कुणीतरी खोकलं. पण सूर इतका गोड उतरला होता की आम्ही म्हटलं, असतील कुणी, दया करायला काय जातं. "प्रभू, दया कर."

"लग्नात भांडणाऱ्या बाईला..."

टेबलाच्या तीन कोपऱ्यांतल्या तीन बायका ताठ झाल्या आणि एकमेकींकडे बघू लागल्या.

"आणि इलारिओनला, प्रभू, आरोग्य दे, दीर्घायुष्य दे."

या वेळी कुणी काही धरलं नाही. आक्रोडातली चिमणीही गप्प झाली म्हणतात, पण ते मी पाहिलं नाही. मी फिलोफ्तेयाकडे पाहत होतो. तिनं हातातला पाव अगदी सावकाश टेबलावर ठेवला.

पाद्री मात्र उजव्या रांगेला लागले होते. "आणि तुझ्या निद्रिस्त सेवकांना, प्रभू, चिरविश्रांती दे... सेर्गियेला..."

"काय?" सेर्गिये म्हणाला.

"...आणि लुपूला..."

"लुपू कुत्रा आहे!" सेर्गिये उभा राहिला. "मी मेलो, ते एक बाजूला ठेवा. पण कुत्र्याच्या आधी?"

*

त्यानंतर जे झालं त्याला मी भांडण म्हणणार नाही. भांडणात एका वेळी एक विषय असतो.

झाम्फिरा बादली घेऊन आली ती या गोंगाटात. पाद्रीबाबांच्या हातातला कागद पाहिला आणि तिला सगळं एका दमात कळलं. तिनं बादली ठेवली.

"काका, बसा. तुम्ही सिनेमात मरता. मला एक मयत हवं होतं."

"माझंच?"

"तुमचा चेहरा चांगला आहे निजलेला."

सेर्गियेचा राग जरा उतरला. "मरतो कसा?"

"झोपेत."

"झोपेत! ऐंशी वर्षं जगून झोपेत! निदान मासेमारीत मार. मोठा मासा असू दे. आणि मरताना दोन वाक्यं दे."

पान्तेलिमोन मात्र पांढरा पडला होता. त्याला त्या कागदात फक्त एकच नाव दिसत होतं आणि ते कुठल्या बाजूला आहे ते दिसत होतं. त्याच्या डोळ्यांपुढे संगमरवर होता, त्यावरची सोनेरी अक्षरं होती, जिल्ह्याचे साहेब होते ज्यांनी तीन वेळा येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. बाप बुडाला म्हणून तो उपसरपंच झाला असं कुणी म्हणत नसे, पण त्याचा स्वतःचा तसा संशय होता.

"ताई," तो म्हणाला, "हे सिनेमातलं आहे ना? कल्पना आहे ना तुझी?"

झाम्फिरा ओले हात झग्याला पुसू लागली.

"ताई, वडील जिवंत हे तू बनवलंस ना?"

"मधलं मी बनवते, पान्तेलिमोन," ती म्हणाली. "हे नाही बनवलं."

मग तिनं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तो चौदा मिनिटांचा सिनेमा घेऊन ती ऑस्ट्रियात लिंत्सला गेली होती. खेळ संपला, लोक उठले, मागच्या रांगेतला एक म्हातारा उठला नाही. जवळ आली तर तो आपल्या बोलीत म्हणाला, "मधलं तू नेहमीच छान सांगायचीस. शेवट कुणाकडून लिहून घेतलास?" सभागृहात हरवलेलं रीळ ती सांगायची तेव्हा हाच माणूस पहिल्या रांगेत बसायचा. तिथं त्याची दुसरी बायको होती, गुडघे दुखत होते, पोलाद कारखान्यातून निवृत्त झाला होता. त्यानं घरच्यांबद्दल विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. दोघांनी उभ्याउभ्या कॉफी घेतली.

"आणि तू दोन वर्षं बोलली नाहीस?" पान्तेलिमोनचा आवाज फाटला. "मी दोनदा भाषण केलं! तू समोर उभी होतीस!"

"तू छान बोललास रे. मी काय म्हणणार होते?"

"मग आता फलकाचं काय?"

"अहो, तुम्हाला फलकाचं पडलंय!" हे लिओन्तीनाचं. तिच्या डोळ्यांत आता वेगळीच चमक होती. कालपर्यंत ती नवऱ्याच्या बाजूची होती. पण कालपर्यंत गोष्टीत बुडालेला माणूस होता, आणि बुडालेल्या माणसाच्या सुनेला करायला काय असतं? आता गोष्टीत जिवंत सासरा होता, ऑस्ट्रियात, सासूच्या सवतीसह. ती नणंदेच्या बाजूला सरकली, अक्षरशः, खुर्ची ओढून. "वन्सं, हे सगळं उघडकीस आणणारा कागद मी आणला. सिनेमात पण मीच आणते ना?"

"तू म्हणालीस पाठ करून उभी राहीन."

"ते चार वाक्यांसाठी म्हणाले. याला चार पुरणार नाहीत."

"लिओन्तीना!" पान्तेलिमोन ओरडला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला दर वर्षी भाषण मिळतं."

फिलोफ्तेया टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत होती. झाम्फिराला तिच्याकडे बघवत नव्हतं. नऊ वर्षं तिनं आईला पटकथा मोठ्यानं वाचून दाखवली होती, पण दर वेळी बाप पाण्यात उतरतो तिथं थांबून. पुढचं आईला झेपणार नाही अशी तिची खात्री होती. आता तिला वाटलं, संपलं. सोमवारची गाडी आता कळवून थांबवायची. चाळीस माणसांदेखत, आईच्या स्वतःच्या जेवणात, आपण विधवा आईला टाकलेली बायको करून ठेवली. कुठला सिनेमा एवढ्या किमतीचा असतो?

ती आईच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसली. "आई, मी सांगणार होते. तुला धक्का बसेल म्हणून—"

"मला कसला धक्का?" फिलोफ्तेया म्हणाली. "एकोणीसशे नव्वदच्या मार्चात कार्ड आलं त्याचं. लिंत्सचा पूल होता चित्रात. कुरूप पूल."

आता चाळीस माणसांनी एकदमच क्रॉस काढला.

"तुला माहीत होतं?"

"वीस वर्षं होत आली. तुला दोन. तू माझ्यापासून लपवत होतीस आणि मी तुझ्यापासून. म्हटलं, पोरीला कळलं तर जाईल शोधायला. तर तू आपली आधीच जाऊन कॉफी पिऊन आलीस."

"कार्ड कुठंय?" पान्तेलिमोननं विचारलं. त्याच्यातला उपसरपंच जागा होता.

"चुलीत. त्याच दिवशी. मागं लिहिलं होतं, पाणी इकडं स्वच्छ आहे. असेल की! वर तो बसलाय, खाली मी. त्याच्या पायाखालून आलेल्या पाण्यात मी वीस वर्षं घोंगड्या धुते आहे."

पाद्री व्हिसारिओन कागद हातात घेऊन उभे होते. आता त्यांना धर्म आठवला. "फिलोफ्तेयाबाई, म्हणजे गेली एकोणीस वर्षं मी एका जिवंत माणसाला दर शनिवारी मृतांमध्ये वाचतो आहे? आणि चिठ्ठी तुम्ही देत होता? जाणूनबुजून?"

"होय, पाद्रीबाबा."

"अहो, जिवंताला मृतांत वाचणं म्हणजे... लोक ते एखाद्याचं वाईट व्हावं म्हणून करतात! ते पाप आहे!"

"त्यासाठीच करत होते," फिलोफ्तेया म्हणाली.

लिओन्तीनानं इतक्या आनंदानं श्वास आत ओढला की तिला उचकी लागली.

"खरं तेच सांगते, जेवण माझं आहे. कार्ड आलं तेव्हा म्हटलं, राहू दे याला तिथंच उजवीकडे. मरू दे. पहिली तीन-चार वर्षं मी पोस्टमनची वाट बघत होते, मेल्याची बातमी येईल म्हणून. नाही आली. उलट त्याला मानवलं. पण तुम्ही वाचता कसं, पाद्रीबाबा? मृतांना आरोग्य मागत नाहीत. त्यांना क्षमा मागतात. तुम्ही गाता, 'प्रभू, याची चूक माफ कर, जाणून केलेली, नकळत केलेली,' आणि आम्ही म्हणायचं, माफ कर. तुमचा गळा असा, की म्हणावंच लागतं. दर शनिवारी म्हणायचे मी. दात आवळून म्हणायचे, पण म्हणायचे. दहा वर्षं गेली, बारा गेली. मग एका शनिवारी घरी आले, मिरच्या भाजायला घेतल्या, त्याची आठवण आली, आणि बघते तर राग नाही. शोधला. खरंच शोधला, पदर झटकून शोधतात तसा. नाहीच. क्षमा झाली होती, आणि कुणी मला विचारलंसुद्धा नव्हतं."

सेर्गियेनं आपला पेला तिच्यापुढे सरकवला. तिनं तो परत सरकवला.

"पहिल्यापासून जिवंतांत घातला असता ना, तर आजही दात आवळलेलेच असते. जिवंत माणसाला माफ करायचा मला कंटाळा येतो. लिओन्तीनाला विचारा."

झाम्फिराचा हात कानाकडे गेला होता. पेन्सिल बोटांत आली होती, पण ती लिहीत नव्हती. आईच्या अशा वाक्यावर पेन्सिल उगारायची म्हणजे... तिला लाज वाटली. तिनं हात खाली घेतला.

आईनं ते पाहिलं. "लिही की. हात का थांबला?"

"आई, हे तुझं आहे."

"मग? तिसरी रिळं दुसऱ्या लोकांची होती, ती घेतलीस ना न विचारता? हे विचारून घे."

झाम्फिरानं पेन्सिल पुढे धरली. "आई, हे घेऊ?"

"घे. आणि सोमवारी मी येईन, पण माझ्या अटी ऐक. मी रडणार नाही. चेहऱ्याला पावडर नको. आणि एकदाच करीन. तू 'पुन्हा एकदा' म्हणालीस तर मी उठून मिरच्यांकडे जाईन."

"एकदाच, आई."

"आणि सेर्गियेभावजींना मासा दे. नाहीतर ते माझ्या खऱ्या मयताला पण हेच बोलत बसतील."

पान्तेलिमोन अजून उभा होता, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, हे त्याच्या बाबतीत बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. आईनं हाक दिली. "पान्तेलिमोन, ये इकडं. फलक राहू दे. काय लिहिलंय त्यावर? डॅन्यूबनं नेलं. खोटं काय आहे त्यात? नेलं, आणि उलट्या प्रवाहानं नेऊन लिंत्सला ठेवलं. तू भाषणात गहिवरतोस ते मला आवडतं. बाप नसल्याचं रडतोस ना? तो नव्हताच. रडणं खरंच आहे तुझं."

तो आईशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला. जवळजवळ पन्नाशीचा बाप्या, आईच्या बाहीला नाक पुसलं त्यानं. तिनं पुसू दिलं, मग म्हणाली, "टॉवेल दिलाय की प्रत्येकाला."

"पण आता मी काय वाचू?" पाद्री व्हिसारिओन काकुळतीला आले होते. "प्रार्थना अर्धी राहिली आहे. इलारिओनला कुठं घालू? मला उजवीकडे वाचता येणार नाही, बाई. आता मला माहीत झालं."

सगळ्यांनी फिलोफ्तेयाकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षांची सवय होती. उजवीकडे तो शांत होता, तीही शांत होती. डावीकडे घेतला की दर शनिवारी त्याला आरोग्य मागायचं, त्याच्या गुडघ्यांना, त्याच्या जेवणाला, आणि ओघानं त्या बाईच्या स्वयंपाकालाही. तिनं लेकीच्या हातातली पेन्सिल घेतली, कागद मागून घेतला आणि बराच वेळ तो बघत राहिली.

"हे सीमारक्षक कोण?"

"गोळी न झाडणारे दोघे, आई."

"मग राहू देत. लुपूला काढते." तिनं कुत्र्याचं नाव खोडलं. सेर्गियेचं खोडून डावीकडे लिहिलं. मग कागद पाद्रीबाबांना परत दिला. इलारिओनच्या नावाला तिनं पेन्सिल लावली नव्हती. ते डावीकडेच होतं.

"वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा. वरच्या अंगाला ऐकू गेलं पाहिजे."

पाद्री व्हिसारिओनांनी डोळे मिटले. आयुष्यात त्यांना असं गाताना मी ऐकलं नाही, आणि मी त्यांना लग्नांत, मयतांत, पुरात ऐकलं आहे. एकेक नाव असं उचलत होते जणू झोपलेलं मूल. फिलोफ्तेया, झाम्फिरा, पान्तेलिमोन, लिओन्तीना, सेर्गिये, दोन्ही सीमारक्षक, ती भांडणारी बाईसुद्धा. आणि शेवटी इलारिओन. त्याला आरोग्य दे. त्याला दीर्घायुष्य दे.

झाम्फिरा आईच्या तोंडाकडे बघत होती. सगळं अंगण थांबलं होतं. "प्रभू, दया कर" म्हणायचं ते पहिल्यांदा कुणी म्हणायचं, हे सगळ्यांना कळत होतं.

फिलोफ्तेयाचे ओठ हलले. आवाज आला नाही. तिनं घसा साफ केला, जरा रागानंच, आणि भसाड्या आवाजात, सुराच्या पार बाहेर, म्हणाली. मग आम्ही धरलं.

तो सिनेमा झाला. शेवट झाम्फिरानं त्याच दुपारी लिहिला, तीन ओळी, एकही संवाद नाही. सोमवारी आई एकदाच बसली कॅमेऱ्यापुढे आणि उठली. तुम्ही तो पाहिला असेल, नसेल. त्याचं काही नाही. पण बाईसाठी एक करा. चौथ्या हिवाळ्यात ती गेली, झोपेत, कुणाला न सांगता, आणि तिचं दुसरं जेवण पहिल्याइतकं चांगलं झालं नाही, हे तिला कळायला नको. आज घास उचलण्याआधी तिचं नाव घ्या. फिलोफ्तेया. गाता येत नसेल तरी चालेल, मोठ्यानं घ्या.